आधी मराठी वाक्य

मराठीमुळे इंग्रजी कच्चे राहते, असे विद्यार्थ्यांना वाटते. माझे म्हणणे उलट आहे. इंग्रजीत कर्ता-कर्म कळते जागेवरून. शब्दांची अदलाबदल केली की अर्थ उलटतो. लॅटिनमध्ये ‘पुएला पुएरुम विदेत’, म्हणजे ‘मुलगी मुलाला पाहते’. शब्द कसेही फिरवा, ‘पुएरुम’ कर्मच राहते. आपला ‘मुलाला’ही तसाच. स्पॅनिशमध्ये ‘वेओ ला कासा’, पण ‘वेओ आ मारीया’. आपणही ‘घर पाहतो’, पण ‘मारियाला पाहतो’. मातृभाषेचे व्याकरण जाणणाऱ्याला लॅटिन सोपे जाईल, असे नेब्रिहा यांनी 1492च्या आपल्या कास्तिलियन व्याकरणाच्या प्रस्तावनेत म्हटले होते. म्हणून शिक्षकांना विनंती : परभाषेच्या तासालाही फळ्यावर पहिले वाक्य मराठीत लिहा.