बोलणे विरते, कागद उरतो

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)

— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.



पालक मेळाव्यात शिक्षकाने मुलांच्या अभ्यासाविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. मी मात्र आज कायद्याविषयी चार शब्द बोलणार आहे. मी वकील नाही, साधा शाळामास्तर आहे. परंतु शाळा सुटल्यावर माझ्याकडे जे पालक येतात, त्यांतील पुष्कळांच्या हातात मुलाचे प्रगतिपुस्तक नसते, एखादी नोटीस असते. "सर, एवढे वाचून सांगा," असे ते म्हणतात. अशा नोटिसा वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. भांडणाच्या मुळाशी दर वेळी लबाडीच असते असे नाही. बहुतेक वेळा वेळच्या वेळी करायचा एक कागद राहून गेलेला असतो.

"आपल्या माणसांत कागद कशाला?" असे आपण म्हणतो. वास्तविक कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकरामधील २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा व साक्षीदार घ्या हेच सांगते. लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे.

प्रथम घरातील मृत्यूचा विचार करू. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. वर्ष उलटून गेल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि हेलपाटे सुरू होतात. शेतजमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, म्हणजे फेरफार होऊन सातबाऱ्यावर नावे लागतात. गावठाणातील किंवा शहरातील घर असेल तर मालमत्ता पत्रक पाहावे. आजोबांच्या नावाचा सातबारा नातवापर्यंत तसाच राहिला, तर तोवर वारस पंचवीस-तीस झालेले असतात आणि एकाची सही मिळाली तर दुसऱ्याचा पत्ता सापडत नाही.

येथे एक गैरसमज दूर करतो. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली, किंवा नाव नाही म्हणून हक्क बुडाला, असे नाही. ही नोंद महसुलासाठी असते. ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण ती मालकी निर्माण करीत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. बँकेतील नॉमिनीचेही तसेच. नॉमिनीने पैसे घ्यायचे ते सर्व वारसांच्या वतीने. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हे स्पष्ट केले.

वाटणीचाही क्रम ठरलेला आहे. आधी दफनविधीचा खर्च, मग कर्ज. आणि पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच. त्यानंतर मृत्युपत्र, म्हणजे वसीयत असल्यास ती, तीही उरलेल्या मालमत्तेच्या एक-तृतीयांशापर्यंतच. हनफी कायद्याप्रमाणे एखाद्या वारसालाच वसीयत करून जास्त द्यायचे असेल, तर मृत्यूनंतर इतर वारसांची संमती लागते. म्हणून "अब्बांनी सगळे थोरल्याला लिहून दिले आहे" एवढ्याने भागत नाही.

हयातीत द्यायचे असेल तर हिबा आहे. मुस्लिम कायद्यात तोंडी हिबाही चालतो. २०११ साली हफीजा बीबी विरुद्ध शेख फरीद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हिबा लिहून ठेवला म्हणून त्याची नोंदणी सक्तीची होत नाही. परंतु तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : देणाऱ्याने दिल्याचे जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. आपले घोडे अडते ते तिसऱ्या गोष्टीवर. "हे दुकान तुझे" असे बाप चार माणसांत म्हणतो, पण भाडे स्वतः घेतो आणि घरपट्टीही स्वतःच्याच नावे भरतो. वीस वर्षांनी त्या चार माणसांपैकी एखादाच हयात असतो. म्हणून कायद्याने सूट दिली असली तरी माझा सल्ला असा की हिबा लिहावा, साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, शक्य तर नोंदवावा आणि घरपट्टी, वीजबिल त्याच्या नावे करून द्यावे.

आता घरमालकांसाठी. "अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही," असे आपण सर्वत्र ऐकतो. महाराष्ट्रात हे खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि तो नोंदवायला हवा. ही जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटीवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हजार-दोन हजार वाचवायला जाऊन घरमालक स्वतःचीच बाजू लंगडी करून घेतो.

आपल्यापैकी पुष्कळांचा छोटा धंदा आहे. कोणाचे गॅरेज, कोणाचे फळांचे दुकान, कोणाची फर्निचरची वखार. दोन मित्र किंवा मेहुणे-मेहुणे भागीदारी करतात, पण भागीदारी संस्था नोंदवत नाहीत. भागीदारी कायदा, १९३२ नोंदणीची सक्ती करीत नाही हे खरे, पण नोंदणी नसलेल्या संस्थेला करारावरून उद्भवलेल्या पैशांसाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. भागीदारही दुसऱ्या भागीदाराला करारावरून सहसा कोर्टात खेचू शकत नाही.

उधारीच्या वसुलीला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने "इतके देणे आहे" असे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने धरली जाते. म्हणून दरवर्षी खात्यावर सही घ्यावी. धनादेश पैशांअभावी परत आला तर बँकेचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. ती मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एक महिन्यात फौजदारी तक्रार करावी. "देतो, देतो" ऐकत बसणाऱ्याच्या या तारखा निघून जातात.

येथवर मी, कागद करा, असे सांगितले. आता एका कागदाविषयी सांगायचे आहे, जो मी स्वतः केला आणि तो करायला नको होता.

माझे अब्बा वारले तेव्हा मागे अम्मी, आम्ही दोघे भाऊ आणि आमची आपा. मालमत्ता म्हणजे एक जुने घर. शेजारी म्हणाले, "बहिणीचे हक्कसोडपत्र करून घ्या, पुढे कटकट नको." मी पदवीधर, कागद समजणारा, म्हणून मीच पुढाकार घेतला. आपा सासरहून एस. टी. ने आली. दुय्यम निबंधक कार्यालयात साहेबांनी विचारले, "राजीखुशीने देता ना?" तिने माझ्याकडे पाहिले आणि "हो" म्हणाली. बाहेर आल्यावर आम्ही तिला साडी घेऊन दिली आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिले. आपला वाटा किती, हे तिने विचारले नाही. मीही सांगितले नाही.

तीन वर्षांनी भाऊजी आजारी पडले. आपाचा फोन आला. तिने वीस हजार रुपये उसने मागितले. उसने! त्या रात्री मी पाचवीच्या मुलांना शिकवतो तो अपूर्णांक स्वतःसाठी मांडला. घराचे ४० भाग धरले, तर अम्मीचा आठवा हिस्सा म्हणजे ५ भाग. उरलेल्या ३५ पैकी आम्हा भावांचे प्रत्येकी १४ आणि आपाचे ७. ते ७ भाग घेऊन आम्ही तिला एक साडी दिली होती, आणि ती स्वतःच्याच पैशांसाठी आमच्यापुढे पदर पसरत होती.

कागद कायदेशीर होता. नोंदणी, मुद्रांक, साक्षीदार, सगळे बिनचूक होते. चूक होती ती आमच्या गप्प राहण्यात. पुढे अम्मीच्या संमतीने आम्ही भावांनी मागच्या दोन खोल्या नोंदणीकृत बक्षीसपत्राने आपाच्या नावे केल्या. आज त्यांचे भाडे तिला जाते. यात मोठेपणा काही नाही. जे तिचेच होते, ते उशिरा पोचले एवढेच.

म्हणून भावांना माझी विनंती आहे. बहिणीने हक्क सोडू नये असे मी म्हणत नाही. ती सोडू शकते. परंतु सहीपूर्वी तिचा हिस्सा किती आणि आजच्या भावाने त्याची किंमत किती, हे कागदावर मांडून तिच्यासमोर ठेवा. तिला महिनाभर विचार करू द्या. आणि भगिनींनो, वाचल्याशिवाय सही करू नका, मग कागद घेऊन येणारा भाऊ शाळामास्तर का असेना.

वकिलाची फी परवडत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तेथे साधा अर्ज करावा. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपीलही होत नाही.

आपल्या संस्थेने आपल्या मुलामुलींना वाचायला शिकवले. आता त्यांच्याकडून एक काम करून घ्या. येत्या रविवारी ट्रंकेतील कागद बाहेर काढा आणि मुलीला मोठ्याने वाचायला सांगा : घर कोणाच्या नावे, नॉमिनी कोण, देणे-घेणे किती. जे राहिले असेल त्याची यादी तिच्याच हस्ताक्षरात करा. त्या यादीत तिच्या स्वतःच्या हिश्श्याचाही उल्लेख असू द्या.