बिलइनचे पाच कॅमेरे

वेस्ट बँकमध्ये बिलइन नावाचं गाव आहे. २००५ साली तिथल्या इमाद बुरनात या शेतकऱ्याला चौथा मुलगा झाला, जिब्रील. त्याचं बाळपण टिपायला बापानं व्हिडिओ कॅमेरा घेतला. तेव्हा गावच्या ऑलिव्हच्या बागांमधून इस्रायल कुंपण घालत होतं. दर शुक्रवारी गावकरी निषेधाला निघत आणि इमाद कॅमेरा घेऊन सोबत जाई. कधी गोळी लागून, कधी अश्रुधुराचं नळकांडं आदळून, कधी झटापटीत, असे पाच कॅमेरे मोडले. त्यावरूनच २०११च्या माहितीपटाला नाव पडलं, ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’. सहदिग्दर्शक इस्रायलचा गाय दविदी.

निदर्शनांची दृश्यं आपण बातम्यांतही पाहतो. मला हा चित्रपट मोलाचा वाटतो तो त्यातल्या घरामुळे. जिब्रील आपल्या देखत रांगतो, चालतो, बोलू लागतो. त्याच्या सुरुवातीच्या शब्दांत ‘भिंत’ आणि ‘काडतूस’ असतात. जीव मेटाकुटीला आलेली इमादची बायको सोराया त्याला कॅमेऱ्यासमोरच सुनावते की, बास कर आता हे चित्रण. इमादनं ते कापून टाकलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. आणि गावचा बासेम अबू रहमे! सगळे त्याला ‘फील’ म्हणत, म्हणजे हत्ती. पोरांचा लाडका, सदा हसतमुख. एप्रिल २००९मध्ये अश्रुधुराचं नळकांडं छातीत लागून तो जातो, तोवर आपली त्याच्याशी चांगली ओळख झालेली असते. ती ओळख व्हायला वर्षं लागतात. वार्ताहराला कुणी तेवढा वेळ देत नाही.

हे एकांगी नाही का, असं विचारलं जातं. कॅमेरा एका घराचा आहे आणि तो ते लपवत नाही. इस्रायली दिग्दर्शकाची नजर हवी असेल, तर योआव शमीरचा २००३चा ‘चेकपॉइंट’ पाहा. निवेदन नाही. नाक्यावर कोवळ्या वयाचे शिपाई, समोर पॅलेस्टिनी लोकांची रांग. कुणाला सोडायचं, कुणाला परत पाठवायचं, हे त्या पोरांनी ठरवायचं. त्या अधिकारानं त्यांचं काय होतं, तेही दिसतं.

२०२५ साली ऑस्कर मिळालेल्या ‘नो अदर लँड’मध्ये पॅलेस्टिनी बासेल आद्रा आणि इस्रायली युवाल अब्राहम रात्री गप्पा मारत बसतात. दोघंही दिग्दर्शक, दोघंही मित्र. पण युवाल गाडी काढून इस्रायलमधल्या आपल्या घरी जाऊ शकतो; बासेलला वेस्ट बँकेबाहेर पडायची मोकळीक नाही. बासेलच्या मसाफेर यत्ता या भागातली घरं बुलडोझरखाली जातात, माणसं गुहांत संसार मांडतात आणि चित्रण चालू राहतं. ऑस्करनंतर महिनाही उलटला नव्हता, तोच त्यांचा सहदिग्दर्शक हमदान बल्लाल याला त्याच्या गावात मारहाण झाली, लष्करानं त्याला पकडून नेलं. दुसऱ्या दिवशी सोडलं. महोत्सवात टाळ्या वाजवणारे आपापल्या घरी गेले होते. हमदानचं घर तिथंच होतं.