पोटाचे ऑपरेशन आणि नंतरचे तीन दिवस
(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. आयुष्य बँकेत गेलं. पण मागच्या वर्षी माझ्या आतड्याचे ऑपरेशन पोट उघडून झाले आणि त्या निमित्ताने भूलतज्ज्ञांकडून बरंच समजून घेतलं, थोडं वाचलंही. तेच आज सांगतो.

आपण सगळे सर्जन कोण, हे विचारतो. भूल कोण देणार, हे कुणी विचारत नाही. ऑपरेशनच्या वेळचं दुखणं भुलीने टळतं, पण खरा त्रास पुढच्या तीन दिवसांत होतो. पोट दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. मग छातीत कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. पलंगावरून उठला नाही तर पायात रक्ताच्या गुठळीची भीती. जन्मभर बिडी ओढलेल्याला तर हा धोका आणखी जास्त. म्हणून दुखणं कमी ठेवणं हा लाड नाही बाप्पा, तो उपचाराचाच भाग आहे.

त्यासाठी मुख्य तीन मार्ग आहेत. पहिला एपिड्युरल. पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी बसवून तिच्यातून दोन-तीन दिवस औषध सोडतात. मोठ्या छेदाचं दुखणं याने चांगलं थांबतं, आतड्यांची हालचालही लवकर सुरू होते. पण रक्तदाब उतरू शकतो, लघवी अडते, कधी पाय जड पडतात. क्वचित कण्यात रक्त साचून पायांची शक्ती जाण्याचाही धोका असतो.

दुसरा मार्ग स्पायनलमधून थोडे मॉर्फिन देण्याचा. टोचणं एकदाच, परिणाम साधारण एक दिवस. आपल्या लेकीसुनांच्या सिझेरियनला, गंगाबाईत असो की खासगी दवाखान्यात, बहुधा स्पायनलच देतात. त्यात मॉर्फिन घातलं असेल तर खाज सुटते, मळमळते, आणि श्वासावर लक्ष ठेवावं लागतं.

तिसरा टॅप ब्लॉक. ही पद्धत २००१ मध्ये प्रथम मांडली गेली. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये औषध सोडतात. रक्तदाब फारसा उतरत नाही. मात्र याने पोटाची भिंत बधिर होते, आतलं खोल दुखणं राहतं. शिवाय एकदाच टोचलं तर परिणाम अर्धा-एक दिवसच.

मग यातलं चांगलं कोणतं? २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सुमारे ९०० रुग्णांचा अभ्यास आला. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनचे, जास्त जोखमीचे रुग्ण होते. एपिड्युरलने मृत्यू कमी झाले नाहीत. पण दुखणं कमी राहिलं आणि श्वास निकामी होण्याचं प्रमाणही घटलं. म्हणजे फायदा आहे, पण सगळ्यांना सारखा नाही. कर्ज देताना आपण अर्जदार बघतो ना, तसा इथे रुग्ण बघावा लागतो.

माझंच घ्या. हृदयात स्टेंट टाकून जेमतेम पाच महिने झाले होते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या बंद करणं धोक्याचं, आणि त्या चालू असताना एपिड्युरल त्याहून धोक्याचं. म्हणून भूलतज्ज्ञांनी पूर्ण भूल आणि वरून टॅप ब्लॉक, असं ठरवलं. आत दुखायचं, त्यासाठी सलाईनमधून औषध चालू होतं. पण उशी पोटाशी धरून खोकता येत होतं, आणि दुसऱ्या दिवशी मी वऱ्हांड्यात चाललो.

हे जमलं, कारण गोळ्यांची यादी माझ्या खिशात होती. आपल्यापैकी अनेकांची मुलं पुण्याला, हैदराबादला. रात्री पोटात दुखलं तर केटीएसला किंवा नागपूरला आपल्याला शेजारीच नेणार. त्यांना काऊन माहीत राहील आपण कोणत्या गोळ्या खातो ते?

म्हणून एकच विनंती. प्रत्येकाने एका कागदावर गोळ्यांची नावं, ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, बिडी-तंबाखू, सगळं खरं खरं लिहा. आपल्या भागात सिकलसेल बराच आहे. घरात असेल तर तेही लिहा, कारण अशा रुग्णाला ऑपरेशनच्या वेळी थंडी, पाण्याची कमतरता आणि प्राणवायूची कमतरता यांपासून फार जपावं लागतं. कागद फ्रिजच्या दाराला लावा आणि शेजाऱ्याला दाखवून ठेवा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना भेटून विचारा, “साहेब, नंतरच्या दुखण्यासाठी काय करणार? माझ्यासाठी हेच का?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांचं पाणी, वीज, लिफ्ट सांभाळली. आता हा कागदही सांभाळू या.