विणलेली भेट
(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



हातांनी घडवलेली भेट देण्याची रीत मराठी घराला नवी नाही. पहिलटकरणीच्या माहेरी तयार होणारा बाळंतविडा आठवावा. झबली, टोपडी, कुंची, दुपटी आणि जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी. बाळ जन्माला येण्यापूर्वीच त्याच्यासाठी कोणाचे तरी हात राबू लागत. रुखवतात क्रोशाचे रुमाल आणि लोकरीची तोरणे मानाने मांडली जात. पुढे जी मराठी कुटुंबे ग्वाल्हेर, इंदूर, दिल्ली या बाजूंना स्थिरावली, त्यांच्या घरी तेथील थंडीने स्वेटर, मफलर आणि कानटोप्यांची भर घातली.

मागावरील कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात. सुयांवरील विणकामात मात्र एकच अखंड धागा एका फासातून दुसरा फास ओढत पुढे जातो. सुलट आणि उलट हे दोनच टाके. जाळीची, वेणीची, काठाची सगळी वीण त्यांच्याच मांडणीतून आणि थोड्याशा अदलाबदलीतून निघते. फास ताणले जातात आणि पुन्हा मिटतात, म्हणून असे वस्त्र अंगाबरोबर हलते. त्याच कारणाने एक टाका सुटला, तर त्याखालचे टाके ओळीने उसवत जातात.

या कामातील श्रम पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत, म्हणून थोडे गणित मांडणे योग्य ठरेल. एका इंचात 5 टाके आणि 7 ओळी बसतात असे धरले, तर 24 इंच घेराच्या लहान स्वेटरच्या पाठीला 60 टाके घालावे लागतात. उंची 12 इंच ठेवल्यास 84 ओळी होतात. म्हणजे केवळ पाठीसाठी 5,040 टाके! पुढचा भाग आणि दोन बाह्या अजून बाकीच आहेत. हात घट्ट पडला आणि इंचात 5 ऐवजी 6 टाके बसले, तर तोच घेर 20 इंचांवर येतो आणि स्वेटर अंगात शिरत नाही. म्हणून जाणकार स्त्री आधी लहानसा नमुना विणून मोजते आणि मगच पूर्ण टाके घालते.

इतके कष्ट करूनही घरोघरी एक वाक्य ऐकू येते, ‘‘ती रिकामीच असते, विणत बसते.’’ स्वयंपाक आटोपल्यावर, मुलांचा अभ्यास घेताना, प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर हे हजारो टाके पडतात आणि त्यांची नोंद कोठेच होत नाही. 1962 च्या चीन युद्धाच्या वेळी हिमालयातील जवानांसाठी देशभर स्त्रियांनी लोकरीचे कपडे विणले, तेव्हा हेच ‘रिकामपण’ देशाच्या उपयोगी पडले होते.

यंत्राशी स्पर्धा हा या विणकामाचा हेतू नव्हे. विल्यम ली या इंग्रज गृहस्थाने मोजे विणण्याचे यंत्र 1589 मध्येच घडवले होते, आणि आज लुधियानाच्या कारखान्यांतून हवा तसा स्वेटर मिळतो. हातच्या भेटीचे मोल निराळ्या ठिकाणी आहे. ती एका विशिष्ट माणसासाठी असते. त्याची मान किती, बाही कोठवर, लोकर अंगाला टोचते का, हे देणाऱ्याला जाणून घ्यावे लागते. हे न विचारता केवळ स्वतःच्या हौसेने विणलेली वस्तू कपाटातच राहते, आणि त्याचा दोष घेणाऱ्यावर ठेवता येत नाही. घेणाऱ्याचेही कर्तव्य आहे. लोकरीचे वस्त्र सौम्य साबणाने हाताने धुवावे आणि दोरीवर न टांगता सपाट पसरून वाळवावे. ओल्या वजनाने ते लांबते. मूल मोठे झाले की ते धाकट्याला द्यावे, किंवा उसवून त्याच लोकरीचे नवे काही विणावे.

शिक्षणाशी याचा संबंध जवळचा आहे. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योग हा शिक्षणाचा पाया मानला. 1964-66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. गुणांच्या धावपळीत सर्वांत आधी बळी जातो तो याच तासाचा. मात्र चुकलेली ओळ स्वतः शोधणे, तेवढीच उसवणे आणि न रुसता पुन्हा विणणे हा धडा मुलांना इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच मिळतो. तो मुलींपुरता ठेवण्याचेही काही कारण नाही. सुई मुलाच्या हातातही तितकीच चालते.

पालकांनी या हिवाळ्यात घरी दोन सुया आणि जाड लोकरीचा एक गुंडा आणावा. प्रारंभ मफलरने करावा. सर्व ओळी सुलट विणल्या की त्याच्या कडा गुंडाळत नाहीत. ज्या माजी विद्यार्थिनींच्या हातात ही कला आहे, त्यांनी महिन्यातील एक तास शाळेला द्यावा. आजीआजोबांचेही स्वागत आहे. मुलाने विणलेला पहिला मफलर कदाचित एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद होईल. तो ज्याच्यासाठी विणला असेल, त्याने तो गळ्यात घालून चारचौघांत जावे. पुढचा मफलर विणण्याचे बळ मुलाला त्यातूनच मिळेल.