स्तनाचा किरणोपचार : संपूर्ण कीं अंशतः ?

स्तनांतील कर्करोगाची गांठ काढून झाली, जखम भरून आली, घरांतील मंडळींनीं सुटकेचा निःश्वास टाकला, कीं अलीकडे एक नवाच प्रश्न पुढें उभा राहतो. डॉक्टर म्हणतात, “आतां किरणोपचार घ्यावयाचा आहे. तो सबंध स्तनावर देतां येईल, किंवा जेथें गांठ होती तेवढ्याच भागावर देतां येईल. आपला विचार काय ?” आजाराच्या धक्क्यांतून नुकत्याच कोठें सावरलेल्या बाईला या प्रश्नाचें उत्तर एकाएकीं सुचत नाहीं. मग शेजारणीचा अनुभव, नात्यांतल्या कोणाची ऐकीव हकीकत, नाहींतर ‘ज्यांत फेऱ्या कमी तें बरें’ असला हिशेब, यांवरच निर्णय ठरून जातो. तो कोणत्या क्रमानें विचार करून घ्यावा, तेवढेंच आज सांगावयाचें आहे. ज्या स्त्रियांचा स्तन राखून केवळ गांठ काढलेली आहे, त्यांच्यापुरतेंच हें विवेचन आहे.

स्तन राखतां येतो, ही गोष्टच मुळीं फार जुनी नाहीं. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें हॉल्स्टेड या शस्त्रवैद्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सबंध स्तन, त्याखालचे स्नायू व काखेंतील ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, आणि पाऊणशें वर्षें तोच राजमार्ग मानला गेला. लंडनचे जॉफ्री कीन्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत रेडियमच्या सुया वापरून स्तन वांचविण्याचा प्रयत्न केला. पण त्यांचें म्हणणें त्या वेळीं मान्य झालें नाहीं. पुढें मिलान येथें व्हेरोनेसी व अमेरिकेंत फिशर यांनीं मोठ्या तुलनात्मक चाचण्या घेतल्या. त्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. योग्य वेळीं सांपडलेल्या रोगांत स्तन राखलेल्या स्त्रियाही स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगतात, हें त्यांनीं सिद्ध झालें.

मग गांठ निघाल्यावर किरण कशासाठीं ? डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगपेशी मागें राहिल्या असण्याचा संभव असतो म्हणून. २०११ सालीं सतरा चाचण्यांतील १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहण्यांत आली. किरण न दिलेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा ३५ जणींत दहा वर्षांच्या आंत रोग पुन्हां उद्भवला. किरण दिलेल्यांत हें प्रमाण शेंकडा १९ होतें. पंधरा वर्षांत या रोगानें होणारे मृत्यूही शेंकडा २५ वरून २१ वर आले. म्हणजे किरणोपचार ही निव्वळ औपचारिकता नव्हे.

मात्र रोग त्याच स्तनांत उलटला, तर तो बहुधा मूळ गांठीच्या आसपासच उलटतो, असें अनुभवास आलें. तेव्हां सबंध स्तन भाजून काढण्याऐवजीं तेवढ्याच जागेवर किरण दिले तर कां चालूं नये, हा विचार साहजिकच पुढें आला. डाव्या स्तनामागें हृदय आहे, दोहोंमागें फुप्फुसें आहेत. हृदयाला किरणांची जितकी अधिक मात्रा पोंचेल तितका पुढें हृदयविकाराचा धोका वाढतो, हें २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासानें दाखविलें आहे. हे अवयव जितके वांचतील तितका लाभच.

आतां पहिला प्रश्न असा कीं, आपला रोग या उपचारास योग्य अशा जातीचा आहे का ? याचें उत्तर शस्त्रक्रियेनंतरच्या सूक्ष्मदर्शक तपासणीच्या अहवालांत असतें. गांठ दोन सेंटिमीटरपर्यंतची, काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त, काखेंतील ग्रंथी निर्मळ, रोगाची जात मंद आणि संप्रेरकांना प्रतिसाद देणारी, शिवाय वय चाळिशीच्या पुढें, अशा स्त्रियांना अंशतः किरणोपचार द्यावा, असें अमेरिकेंतील किरणतज्ज्ञांच्या संस्थेनें २०२३ सालीं सांगितलें आहे. ग्रंथींत रोग पोंचलेला असेल, वय चाळिशीच्या आंत असेल, किंवा रोगाचा दोष आनुवंशिक असेल, तर या वाटेस जाऊं नये. आपल्याकडे हा रोग पाश्चात्य देशांपेक्षां पुष्कळदां लहान वयांत आढळतो. म्हणून परदेशांतील आकडे वाचून हुरळून जाण्यापूर्वीं आपला अहवाल पाहावा.

दुसरा प्रश्न पद्धतीचा. ‘अंशतः’ या एकाच नांवाखालीं अगदीं भिन्न उपचार मोडतात, आणि गैरसमज बहुधा येथेंच होतो.

पहिली पद्धत बाहेरून यंत्रानें किरण देण्याची. इंग्लंडांत २,०१८ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ सालीं आले. पांच वर्षांत त्याच स्तनांत रोग उलटण्याचें प्रमाण संपूर्ण उपचारांत शेंकडा १.१, तर अंशतः उपचारांत ०.५ होतें, आणि स्तन कठिण होण्याची तक्रारही कमी होती. फ्लॉरेन्स येथें एक दिवसाआड अशा पांच बैठकांत उपचार दिला; दहा वर्षांनीं हें प्रमाण शेंकडा ३.७ विरुद्ध २.५ आढळलें, आणि त्वचेचा त्रास पुष्कळ कमी झाला. परंतु कॅनडांतून चाललेल्या एका चाचणींत दिवसांतून दोनदां किरण दिले, तेव्हां रोग आटोक्यांत राहिला तरी स्तनाचें रूप अधिक बिघडलें. म्हणून ‘बैठका दिवसांतून एकदां कीं दोनदां ?’ हें आवर्जून विचारावें.

दुसरी पद्धत स्तनांत बारीक नळ्या घालून आंतूनच किरण देण्याची. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतही हा उपचार केला गेला आहे. यास सामान्यतः चार-पांच दिवस लागतात. युरोपांतील चाचणींत दहा वर्षांनीं रोग उलटण्याचें प्रमाण शेंकडा ३.५, तर संपूर्ण उपचारांत १.६ होतें, उलट दीर्घकाळ टिकणारे तीव्र दुष्परिणाम नळ्यांच्या उपचारांत कमी होते.

तिसरी पद्धत मनाला सर्वांत मोह घालणारी. शस्त्रक्रिया चालू असतांनाच एकदां किरण द्यावयाचे, कीं काम संपलें ! परंतु मिलान येथील १,३०५ स्त्रियांच्या चाचणींत पंधरा वर्षांनीं असें दिसलें कीं, एकाच बैठकीच्या उपचारांत शेंकडा १२.६ जणींत रोग त्याच स्तनांत उलटला, तर संपूर्ण उपचारांत अवघ्या २.४ जणींत. आयुष्याच्या मर्यादेंत फरक पडला नाहीं, हें खरें; पण पुन्हां शस्त्रक्रियेस सामोरें जावें लागणें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

तिसरा प्रश्न वेळेचा. रत्नागिरीहून आलेली बाई मुंबईंत बहिणीकडे पांच-सहा आठवडे राहून रोज रुग्णालयाच्या फेऱ्या घालते, हें चित्र आपल्या परिचयाचें आहे. अशा वेळीं ‘लवकर उरकेल तें घ्या’ असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु इंग्लंडांतील २०२० च्या निष्कर्षांनंतर संपूर्ण स्तनाचा उपचारही योग्य स्त्रियांत एका आठवड्यांत, पांच बैठकांत देतां येतो. तेव्हां दिवस वांचविणें हें अंशतः उपचाराचें मुख्य कारण आतां राहिलेलें नाहीं. त्यांत वांचतो तो निरोगी भाग. आणि तोलावयाचें तें तेंच.

वय पासष्टाच्या पुढें असून रोग सौम्य असेल, तर किरण मुळींच न घेण्याचा मार्गही आहे. तसल्या स्त्रियांच्या चाचणींत दहा वर्षांनीं किरण न घेतलेल्यांत शेंकडा ९.५, तर घेतलेल्यांत ०.९ जणींत रोग स्तनांत उलटला. मृत्यूच्या प्रमाणांत फरक नव्हता. मात्र त्या स्त्रियांना संप्रेरकांविरुद्धच्या गोळ्या दिलेल्या होत्या. त्या वर्षानुवर्षें नेमानें घेणें जिला जमणार नाहीं, तिनें हा मार्ग धरूं नये.

समजा, एका बाईचें वय बासष्ट, गांठ डाव्या स्तनांत सव्वा सेंटिमीटरची, ग्रंथी निर्मळ. तिनें अंशतः उपचाराचा विचार निःशंकपणें करावा. तिची भाची त्रेचाळीस वर्षांची, पण काखेंतील दोन ग्रंथींत रोग गेलेला. तिनें मावशीचें अनुकरण करूं नये. एका घरांतल्या दोघींना एकच सल्ला लागू पडत नाहीं.

शेंकडा साडेतीन आणि शेंकडा दीड यांतील फरक म्हणजे शंभर स्त्रियांत दोघी. त्या दोघींत आपण असूं, ही भीति एकीला झोप येऊं देणार नाहीं. दुसरीला हृदयाची व त्वचेची काळजी अधिक वाटेल. दोघींचेंही चुकत नाहीं. म्हणूनच हा निर्णय पतीनें, मुलानें किंवा घरांतील वडीलधाऱ्यांनीं तिच्या वतीनें परस्पर करूं नये. त्यांनीं अहवाल तिच्यासमोर उघडावा, प्रश्न कागदावर उतरून घ्यावे, डॉक्टरांकडे तिच्याबरोबर जावें, आणि उत्तर मात्र तिला स्वतःला देऊं द्यावें.