आपल्या मागे त्या जगाचं काय होतं?



व्याख्यानमालेत डोरेमॉन कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. आपल्याकडे डोरेमॉन हा भविष्यातून आलेला जपानी यंत्रमांजर टीव्हीवर हिंदीतून येतो, मुलं जेवताना त्याच्याकडे डोळे लावून बसतात आणि घरातली मोठी माणसं ‘बंद कर ते’ म्हणतात. आज मी त्याच डोरेमॉनच्या एका दीर्घ चित्रकथेबद्दल बोलणार आहे, कारण जगांच्या अदलाबदलीचा इतका गंभीर विचार मी मुलांच्या साहित्यात फार क्वचित वाचला आहे.

डोरेमॉनच्या लेखक-चित्रकाराचं फुजिको एफ. फुजिओ हे टोपणनाव. माणसाचं खरं नाव हिरोशी फुजिमोतो, जन्म 1933 सालचा, जपानमधल्या ताकाओका गावचा. ही कथा त्यांनी ‘कोरोकोरो’ या मुलांच्या मासिकात 1983-84 मध्ये क्रमशः लिहिली आणि काढली. मार्च 1984 मध्ये तिच्यावर चित्रपट आला, 2007 मध्ये तो नव्यानं केला गेला.

डोरेमॉन ज्याच्या घरी राहतो त्या शाळकरी नोबिताला वाटतं, जादू खरी असती तर किती बरं झालं असतं! डोरेमॉनकडे एक यंत्र आहे, दिसायला सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्यासारखं. आत जायचं, रिसीव्हर उचलायचा आणि ‘जग असं असतं तर?’ एवढं बोलायचं. बाहेर आलं की जग तसं झालेलं असतं. नोबिता बाहेर येतो तर लोक झाडूवर बसून, गालिच्यावर बसून फिरतायत. पण तिथेही जादू शाळेत शिकावी लागते, अभ्यास करावा लागतो आणि आपला नोबिता तिथेही मागच्या बाकावरचाच. इथे लेखकानं मुलांना फसवलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. जग बदललं तरी माणूस आपला स्वभाव सोबत घेऊन जातो.

पुढे त्या जगावर संकट येतं. राक्षसांचा एक ग्रह पृथ्वीच्या दिशेनं येत असतो. लढाईत नोबिताचे मित्र शिझुका, जियान, सुनिओ राक्षसांच्या कैदेत सापडतात. नोबिता आणि डोरेमॉन कसेबसे निसटतात. आता ते यंत्र वापरून सगळं पूर्ववत करावं, तर ते नोबिताच्या आईनं अडगळ म्हणून केव्हाच टाकून दिलेलं! मग दोघं टाइम मशीननं भूतकाळाकडे पळतात, वाटेत राक्षसांकडची मेड्युसा त्यांना गाठते आणि दगड करून टाकते. कथेच्या सुरुवातीला अंगणात दोन दगडी पुतळे येऊन पडलेले असतात, हुबेहूब या दोघांसारखे. तेव्हा वाचक ते विसरून पुढे जातो. ते पुतळे म्हणजे हे दोघेच, हे आत्ता उलगडतं. आठ-दहा वर्षांच्या वाचकासाठी इतकी पक्की बांधणी करणारा लेखक त्या वाचकाला किती मान देत असेल!

भविष्यातून डोरेमॉनची बहीण डोरामी येते, दोघांना सोडवते. तिच्याकडे तसंच दुसरं यंत्र आहे. एक वाक्य बोललं की जादूचं जग गेलं, राक्षस गेले, आपलं घर परत. मग नोबिता विचारतो, त्या जगाचं पुढे काय होईल? डोरामीचं उत्तर असं की ते जग पुसलं जाणार नाही. ते समांतर जग म्हणून चालूच राहील, राक्षसांसकट आणि कैद्यांसकट.

मंडळी, या जागी जरा थांबा. नोबिताच्या स्वतःच्या जगात शिझुका, जियान, सुनिओ सुखरूप आहेत. परतला तर संध्याकाळी ते त्याला मैदानात भेटतील. कैदेत आहेत ते दुसरे, त्या जगातले. त्यांना वाऱ्यावर सोडलं तर याला जाब विचारणारं कुणी नाही. तरीही दोघं मागे फिरतात आणि राक्षसांच्या राजाला सामोरे जातात. राक्षसराजाचं हृदय त्याच्या छातीत नसतं, ते दूर आकाशात असतं आणि चांदीच्या छोट्या बाणानं वेधावं लागतं. पोपटात जीव ठेवणाऱ्या राक्षसाच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या मराठी माणसाला इथे ओळख पटेल.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी त्यांच्या एका विज्ञानकथेत गंगाधरपंत या पात्राला अशाच दुसऱ्या जगात नेलं. तिथे पानिपतच्या लढाईत मराठ्यांचे विश्वासराव मारले जाण्याऐवजी वाचतात आणि इतिहास वेगळ्या वाटेनं जातो. ती इतिहासाला आणि विज्ञानाला विचारलेली शंका आहे, आणि फार सुंदर आहे. फुजिमोतोंची शंका माणसाला आहे: ज्या जगात तू पाऊल ठेवलंस, तिथल्या माणसांचं तू काही देणं लागतोस की नाही? 1979 साली मोठ्यांसाठी लिहिलेल्या एका लघुकथेत त्यांनी हाच विषय वेगळ्या अंगानं हाताळला. त्यात एका मोठ्या कंपनीचा प्रमुख समांतर जगांतल्या स्वतःच्याच रूपांना भेटतो आणि लेखक झालेल्या स्वतःशी जागा बदलायला निघतो.

जपानमध्ये आज ‘इसेकाई’ नावाचा प्रकार जोरात आहे. इसेकाई म्हणजे दुसऱ्या जगात गेलेल्या नायकाच्या कथा. त्यातल्या कित्येकांत नायक इथे अपघातात मरतो, तिथे शक्तिमान होऊन उठतो आणि मागे राहिलेल्या आईवडिलांचा पुढच्या दहा भागांत उल्लेखही येत नाही. सगळ्याच तशा नाहीत, पण ज्या तशा आहेत त्या मला पोकळ वाटतात. परतीचं दार उघडं असताना मागे वळणारा नोबिता त्या नायकांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

तेव्हा घरात डोरेमॉन लागला की लगेच रिमोटकडे हात नेऊ नका. मुलांशेजारी बसा, ही कथा शोधून त्यांच्याबरोबर बघा, आणि डोरामी उत्तर देते त्या प्रसंगी त्यांना विचारा: तू असतास तर परत गेला असतास का?