मजकूर आधी, रूप नंतर



वेबचे पान डोळ्यांनी पाहायची सवय असल्यामुळे ते एक चित्रच आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपल्या संगणकाकडे येतो तो खुणा केलेला मजकूर: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी एचटीएमएल ही खुणांची भाषा रचली ती याच कामासाठी. तिथे नाना जातींचे संगणक होते. काहींच्या पडद्यावर नुसती अक्षरे उमटत. मजकुराचा कोणता भाग काय आहे एवढे लेखकाने सांगावे आणि तो कसा दाखवायचा ते त्या त्या संगणकाने पाहावे, अशी ही वाटणी होती.

वेब बाजारात आले आणि वाटणी मोडली. प्रत्येकाला आपले पान देखणे हवे होते. त्यात गैर काहीच नव्हते. पण देखणेपणासाठी वेगळे साधन नव्हते. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने अक्षरांचा आकार ठरवणारी 'फॉन्ट' ही खूण आणली. आकडेवारीसाठी असलेले तक्ते पानाचे रकाने पाडायला जुंपले गेले, मोकळी जागा सोडायला न दिसणारी चित्रे घातली गेली. शीर्षक डोळ्यांना शीर्षक वाटे. संगणकाच्या लेखी ती फक्त मोठी, ठळक अक्षरे उरली.

यावरची तोडही सर्नमधूनच निघाली. ऑक्टोबर १९९४ मध्ये होकोन विउम ली यांनी रूपाचे नियम मजकुरापासून वेगळे लिहिण्याची योजना मांडली. बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस या नावाने तिची पहिली आवृत्ती मान्य झाली. तिच्यातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की लेखकाच्या नियमांबरोबर वाचकाच्या नियमांनाही तिथे जागा आहे. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने तर वाचकाने 'महत्त्वाचा' म्हणून नोंदवलेला नियम लेखकाच्या नियमापेक्षा वरचढ ठरवला. मंद दृष्टीच्या माणसाला मोठी अक्षरे हवी असतील, तर तिथे त्याचेच चालले पाहिजे.

अंध वाचकाचा तर सारा भार या खुणांवरच असतो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, वापरणारा माणूस एक कळ दाबून शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातो. शीर्षकाची खूण केलेली नसेल, तर हवा तो भाग सापडेपर्यंत त्याला पान ऐकत बसावे लागते.

मजकूर आणि रूप यांची ही गल्लत मराठीलाही महागात पडली आहे. प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारे युनिकोड रुळण्याआधी आपल्या कित्येक संकेतस्थळांवरचा मजकूर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या फॉन्टांत साठवला जाई. तो फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर निरर्थक चिन्हे. युनिकोडने अक्षराला फॉन्टापासून मोकळे केले. आज पानाची भाषा मराठी अशी खूण केली, की तशी सोय असलेला फॉन्ट 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे देतो आणि स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो.

आपल्यापैकी कुणी शाळेचे, ग्रंथालयाचे, संस्थेचे संकेतस्थळ सांभाळत असेल, साधे परिपत्रक टंकत असेल, त्यांना माझी विनंती आहे. अक्षरे नुसती ठळक करून शीर्षक बनवू नका. शीर्षकाची शैली लावा. यादीला यादीची खूण करा, चित्राचे वर्णन लिहा, भाषा नोंदवा. मग सजवा, हौसेने सजवा. आपले लेखन कोण, कशावर, कोणत्या इंद्रियाने वाचणार हे आपल्याला आधी कळत नाही. म्हणून काय म्हणायचे ते आपण नेमके सांगावे आणि ते कसे वाचायचे याचा अधिकार वाचकाकडे राहू द्यावा.